मिटलेल्या दर्याकाठी

कोकणच्या किनाऱ्याविषयी जे काही लिहिले गेले आहे, ते बहुतेक कोरड्या ऋतूत लिहिले गेले आहे. सहलीला निघणारी मंडळी दिवाळीनंतर निघतात, नाही तर परीक्षा आटोपून मे महिन्यात आंब्याच्या मागावर जातात. जलदुर्गांची छायाचित्रे पाहावीत तर वर निळे आभाळ, खाली निळे पाणी आणि मध्ये एखादे शीड. जणू या किनाऱ्यावर पाऊस म्हणून पडतच नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांचीही तीच तऱ्हा. ती सन सांगतात, महिना सांगत नाहीत.

एकदा वर्गात आरमाराचा धडा चालू असताना मी फळ्यावर सनांबरोबर महिनेही लिहिले. चौलच्या खाडीतली पोर्तुगीजांची लढाई, मार्च १५०८. दाभोळ जळाले, डिसेंबर १५०८. सिंधुदुर्गाचा पाया, नोव्हेंबर १६६४. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी घेतला, एप्रिल १७५५. विजयदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यात इतिहासाला सुटी असते का हो?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही पाठ सोडीना. जून ते सप्टेंबर म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. पाचशे वर्षांच्या इतिहासातले हे तिसरे हिस्से गेले कुठे? त्या महिन्यांत या किनाऱ्यावरची माणसे करीत काय होती?

पुस्तकांत समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा पावसाळ्यातच किनारा पाहायचा ठरवले. मास्तराला आषाढ-श्रावणात लांब रजा कोण देणार? म्हणून मिळतील त्या सुट्या जोडून तीन वर्षांच्या पावसाळ्यांत रेवसपासून मालवणपर्यंतची वाट तुकड्यातुकड्यांनी पुरी केली. वाहन म्हणजे एसटी. खाडी आडवी आली की तर. आणि जिथे दोन्ही नाहीत तिथे टमटम. बरोबर छत्री होती, पण किनाऱ्यावरच्या पावसात छत्री ही केवळ सभ्यपणाची खूण म्हणून बाळगायची असते. तिथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो.

रेवस हे धरमतर खाडीच्या मुखावरचे कोळ्यांचे गाव. समोर पाण्यापलीकडे मुंबई. धक्क्यावर उभे राहिले तेव्हा पाणी शाडूच्या रंगाचे झाले होते आणि आभाळ कुठे संपते व दर्या कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. याच पाण्यात १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' नावाची आगबोट बुडाली. आषाढी अमावास्येचा दिवस. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट रेवसला यायची होती. गावाकडे सणाला निघालेल्या उतारूंनी ती भरली होती. वाटेत काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली आणि पाहता पाहता सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघे एका महिन्यावर आले होते. जी थोडी वाचली, त्यांतल्या कित्येकांना हात दिला तो रेवसच्या कोळ्यांनी. हाती लागतील तेवढी माणसे त्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली.

स्वातंत्र्याच्या गडबडीत ही गोष्ट इतिहासाच्या मुख्य प्रवाहातून बाजूला पडली. रेवस, मांडवा, अलिबागकडच्या जुन्या घरांतून मात्र ती अजून सांगितली जाते. मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला इथेच मिळाले. पावसाळ्यात इतिहासाला सुटी नसते; त्याची नोंद घेणाऱ्यांना असते.

रेवसहून अलिबागकडे येताना वाटेत थळ लागते. किनाऱ्यावर होड्या ओळीने वर ओढून ठेवलेल्या. पूर्वी त्या नारळीच्या झापांनी शाकारीत, आता निळे-पिवळे प्लास्टिक अंथरतात. पण शब्द तोच राहिला आहे, होड्या 'शाकारल्या'. पावसाळ्याच्या तोंडाला मासेमारी आवरती घेण्याच्या दिवसांना इकडे आगोट म्हणतात. आगोटीच्या आधी घरोघर बेगमी होते. बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे उन्हात कडकडीत वाळवून डब्यांत भरतात, आणि बाहेर सरी कोसळत असताना चुलीवर सुकटीचा वास दरवळतो. किनाऱ्यावरच्या संसाराचे अर्धे शहाणपण या डब्यांत असते.

एका पडवीत मावशी जाळ्याची फाटकी बाजू विणीत बसल्या होत्या. "मास्तर, आता काय बघायला आलात? दर्या बंद हाय," त्या म्हणाल्या. मी म्हटले, बंद दर्याच पाहायला आलो आहे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि शहरी माणसाला द्यावा तसा मला चहा दिला.

त्यांच्या पडवीतून, सर थोडी उघडली की, समोर काळसर ठिपका दिसे. तो खांदेरी. थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर असलेले हे बेट मुंबई बंदराच्या तोंडावर आहे. शिवाजी महाराजांनी ते बांधायला घेतले १६७९ साली, आणि इथे महिना पाहण्यासारखा आहे: ऑगस्टअखेर. म्हणजे ऐन पावसाळ्याची अखेर. दर्या अजून खवळलेला, मुंबईच्या इंग्रजांची मोठी जहाजे बाहेर पडायला नाखूष, आणि अशा वेळी मायनाक भंडारी माणसे व सामान घेऊन बेटावर उतरला. सप्टेंबरात इंग्रज जागे होऊन आले तेव्हा तटाचे दगड रचले जाऊ लागले होते.

पुढची लढाई आपण आरमारी पराक्रम म्हणून वाचतो, आणि तो होताच. ऑक्टोबरात दर्यावर मोठी चकमक झाली. पण खांदेरी टिकली ती त्याहून साध्या कारणाने. इंग्रजांनी वेढा घातला, तरी थळ-नागावच्या बाजूने मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री-अपरात्री बेटावर जातच राहिल्या. त्यांना पाणी थोडे लागे. त्या वल्ह्यांवर चालत. वारा पडला तरी त्यांचे अडत नसे. शिडांच्या जड जहाजांना त्यांना गाठता येईना. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी वेढा आवरता घेतला आणि तह केला. त्या होड्या चालवणारे हात कोणाचे होते, हे थळच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. कोणत्या दिवशी पाणी फिरेल, कोणत्या वाटेने खडक चुकेल, ही विद्या दरबारात शिकवली जात नव्हती. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत खांदेरी आहे. त्या मानाचा एक वाटा या शाकारलेल्या होड्यांचाही आहे असे मला वाटते.

अलिबाग सोडून दक्षिणेला निघाले की चौल-रेवदंडा येते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये अरुंद रस्ता, आणि रस्त्यावर पाणी. एसटीचा चालक काचेला नाक लावून गाडी हाकीत होता. याच गावी साडेपाचशे वर्षांपूर्वी एक परदेशी वाटसरू उतरला होता. अफनासी निकितिन त्याचे नाव. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४७०च्या सुमारास तो होर्मुजकडून एक घोडा घेऊन चौलला आला. घोडा विकून चार पैसे करावेत एवढाच त्याचा मनसुबा. इथली माणसे उघड्या अंगाने हिंडतात याचे त्याला नवल वाटले; आणि त्याच्या गोऱ्या कातडीचे इथल्या लोकांना इतके नवल वाटले की तो जाईल तिथे मागे गर्दी जमे.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला, आणि तिथे पावसाने त्याला गाठले. महिने न् महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे. बर्फाच्या देशातला माणूस. ऋतू म्हणजे हिवाळा एवढे त्याला ठाऊक. त्याने आपल्या पावसाळ्यालाच हिवाळा म्हटले. त्यात जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन अशी अट घातली. एका भल्या खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. रेवदंड्यात आता निकितिनचे स्मारक आहे. माझ्या माहितीत कोकणच्या पावसाविषयी एवढ्या जुन्या काळी तक्रार लिहून ठेवणारा हा एकटाच प्रवासी. बाकीचे बहुधा पाऊस सुरू व्हायच्या आत निघून जात.

रेवदंड्याचे पोर्तुगीज मात्र निघून गेले नाहीत. १५२१ साली त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. त्याआधी, मार्च १५०८ मध्ये, याच खाडीत गुजरात आणि इजिप्तच्या आरमारांशी लढताना त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला होता. हे नाव ध्यानात ठेवावे. दाभोळला पोहोचलो की ते पुन्हा लागेल. १७४० साली चौल मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज गेले. कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या डोंगराखालची ख्रिस्ती वस्ती मागे राहिली. त्यांच्या घरांतून अजून एक बोली बोलली जाते. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसारातून जन्मलेली ही भाषा जगात इतरत्र कुठे मातृभाषा म्हणून ऐकू येत नाही. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. राजे गेल्यावर पावणेतीनशे-तीनशे वर्षे ती टिकली कशी? एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी, मागे डोंगर, आणि वर्षातले चार महिने सगळेच बंद. १९८०च्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला आणि कोर्लई रेवदंड्याला जोडली गेली. पुलाने दवाखाना जवळ आला, शाळा जवळ आली, बाजार जवळ आला. ते व्हायलाच हवे होते. भाषेला मात्र आता पहिल्यांदाच स्वतःची काळजी स्वतः घ्यावी लागत आहे. आसरा देणाऱ्या भिंती पडल्या म्हणजे असे होते.

कोर्लईहून काशीदच्या सुरूच्या बनांतून मुरूडला यावे. मुरूडजवळच्या राजपुरी गावातून जंजिऱ्याला जायच्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. मी गेलो तेव्हा धक्क्यावर एक कुत्रे आणि मी असे दोघेच होतो. लाटा तटावर आपटून पांढऱ्या होऊन वर उडत होत्या, आणि बेट आपल्या जागी काळेकभिन्न बसले होते. हा किल्ला शिवाजी महाराजांना घेता आला नाही, संभाजी महाराजांना घेता आला नाही; संस्थान विलीन होईपर्यंत, १९४८पर्यंत, तो सिद्दींचाच राहिला. जंजिऱ्याच्या जागी मुळात कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, असे परंपरा सांगते. म्हणजे पहिला किल्लेदारही कोळीच.

याच पाण्यातली एक आख्यायिका मला फार आवडते. मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्याला मोर्चे लावले तेव्हा लाय पाटील नावाच्या कोळ्याने तटाला शिड्या लावून देण्याचे पत्करले. काळोखात, सिद्दीच्या पहाऱ्याखाली, त्याने ते काम केले. पण वर चढायची फौज वेळेवर पोहोचली नाही. पहाट झाली आणि शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी त्याच्या धाडसाबद्दल पालखीचा मान दिला. पाटील म्हणाला, आम्ही दर्यावरची माणसे, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिले आणि त्या गलबताचे नाव ठेवले 'पालखी'. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ती जपली कोणी हे महत्त्वाचे. देणाऱ्याने घेणाऱ्याचे ऐकून घेतले, हे कोळ्यांना लक्षात ठेवावेसे वाटले.

आगरदांड्याहून तरीने दिघीला उतरलो आणि श्रीवर्धनची वाट धरली. शेखाडीजवळ रस्ता अगदी समुद्राच्या कडेने जातो. लाटेचे तुषार गाडीच्या खिडकीत येतात आणि उतारू निमूटपणे खिडक्या लावून घेतात. श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव, रोठा सुपारीचे गाव. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने हा सारा टापू झोडपला. टाळेबंदीचे दिवस, त्यात आगोटीची वेळ. पन्नास-पन्नास वर्षांच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. मी पाहिल्या त्या वाड्यांत उंच जुन्या झाडांच्या मधून बुटकी नवी झाडे उभी होती. त्यांच्याकडे बोट दाखवून एक बागाईतदार म्हणाले, "ही माझी नव्हेत मास्तर, नातवाची." असा हिशेब करणारी माणसे अजून आहेत म्हणून किनारा उभा आहे.

बाणकोटची खाडी तरीने ओलांडून केळशी, आंजर्ले असे करीत हर्णैला आलो. हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तिथे वाळू, पाऊस आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. होड्या जवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला गेलेल्या. हे दृश्य पाहताना मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण झाली. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लढाईइतकाच विचार आहे तो आरमाराच्या पावसाळी छावणीचा. पाऊस पडायच्या आत तारवे सुरक्षित बंदरात आणावीत, छावणीचे बंदर दर वर्षी तेच नसावे, एकाच मुलखावर भार पडून तिथल्या रयतेला उपद्रव होऊ नये. तारवांसाठी लाकूड हवे, तरी आंबा-फणसासारखी झाडे तोडू नयेत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. मालकाला राजी करून, मोल देऊन, एखादे जुने झाड घ्यावे. पावसाळ्याच्या रिकाम्या रकान्यात काय लिहायचे ते अमात्यांनी लिहून ठेवले होते. आपण ते पान उलटून थेट लढाईवर गेलो.

सुवर्णदुर्ग पडला एप्रिल १७५५ मध्ये. इंग्रजांचा कमोडोर जेम्स आणि नानासाहेब पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली होती. मग पावसाळा आला आणि मोहीम थांबली. आभाळाने तुळाजीला आणि पेशव्यांनाही विचार करायला सवड दिली. त्या सवडीत तह होऊ शकला असता, घरचे भांडण घरात मिटू शकले असते. ते झाले नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन विजयदुर्गावर आले. बंदरात नांगरलेल्या आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकाने पेट घेतला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली, आणि कान्होजींनी उभे केलेले आरमार काही तासांत जळून गेले. मराठी आरमाराला ती उंची पुन्हा कधी आली नाही. पावसाळा सवड देतो. अक्कल देत नाही.

हर्णैहून दापोलीवरून दाभोळ. इथे चौलचे राहिलेले नाव पुरे करू. मुलगा मार्चमध्ये पडला. बाप फ्रान्सिस्को द आल्मेदा पावसाळा उलटल्यावर आरमार जमवून निघाला आणि ३० डिसेंबर १५०८ रोजी त्याने दाभोळ जाळले. दाभोळने त्याच्या मुलाला मारले नव्हते. ते केवळ वाटेत होते. श्रीमंत बंदर, अरबस्तान-खुरासानचे घोडे उतरण्याची जागा. निकितिन मायदेशी परत जायला याच बंदरातून गलबतात बसला होता. आज दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याला जाणारी तर मोटारी, एसटी, दुधाचे कॅन आणि शाळेची मुले घेऊन हेलकावे खाते. सूड, घोडे, सोने सारे गेले. माणसांना अलीकडून पलीकडे नेण्याचे काम राहिले. ते या गावाचे पहिले काम होते आणि तेच शेवटपर्यंत उरले.

गुहागर, हेदवी करीत तवसाळहून पुन्हा तरीने जयगडला उतरलो. या बंदरांच्या म्हाताऱ्या माणसांना 'बोट' म्हटले की अजून मुंबईची आगबोट आठवते. बोट दूर पाण्यात उभी राही, उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत नेत, आणि बोचकी, कोंबड्या, पोरे वर चढवताना जो आरडाओरडा होई तो किनाऱ्यावर ऐकू येई. पावसाळ्यात ती बोट बंद. मे महिन्यात गावी आलेल्याने आगोटीच्या आत परत फिरायचे, नाही तर घाट चढायचा. गेल्या शतकाच्या अखेरीअखेरीस ही बोट कायमची बंद झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. रस्ता आणि रूळ यांना पावसाळा वर्ज्य नाही, असे आपण धरून चाललो.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. अंधारात येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे कळले नाही. दोन एसटी गाड्या आणि एक खासगी मोटार नदीत गेली. त्यांतली एक गाडी जयगडहून मुंबईला निघाली होती. जयगडच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीची पाटी पाहिली आणि माझा हात आपोआप टोपीकडे गेला. नवा पूल वर्षाच्या आत झाला, तो मजबूत आहे. 'रामदास' आणि सावित्री यांच्यामध्ये एकोणसत्तर वर्षांचे अंतर. पण दोन्हीकडे माणसे पावसातून घराची वाट धरलेली, किंवा घरून पोटाच्या वाटेला लागलेली. पाऊस तोच. पूर्वी माणूस त्याला भिऊन थांबत असे. आता थांबण्याची सवय गेली आहे.

शेवटचा तुकडा मालवणचा. सिंधुदुर्गाला जायच्या होड्याही पावसाळ्यात बंद, तेव्हा किनाऱ्यावर रापणकऱ्यांशी बोलत बसलो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. एका होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोके धरून माणसांनी किनाऱ्यावर ओढायचे. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. जो दोरीला हात लावील तो वाटेकरी.

गेली काही वर्षे या लोकांचे मोठ्या यांत्रिक नौकांशी भांडण चालू आहे. पर्ससीन जाळे थव्याला घेरून मुळासकट उचलते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यावर निर्बंध घातले. ते पाळले जात नाहीत अशी इथली तक्रार आहे. जाळ्याचे आस बारीक झाले, पिल्लेही सुटत नाहीत, असे एक वृद्ध काका सांगत होते. मी विचारले, "काका, तुमच्या तरुणपणी पावसाळ्यात दर्यात जायला मनाई होती का?" ते हसले. "मनाई कोण करतलो? वारो होतो ना!"

या एका वाक्यासाठी तीन पावसाळे भिजलो असे मला वाटले. शिडाच्या आणि वल्ह्याच्या काळी दार वारा लावून घेत असे. माणसाला फक्त ते मानावे लागे. बंद दाराआड मासळी अंडी घाली, नद्या पाण्याबरोबर गाळ आणि खाद्य दर्यात आणून टाकीत, होड्यांना तेल मिळे, जाळ्यांना टाके पडत. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पून माणूस दर्याला विचारी, येऊ का? आता यंत्राच्या नौकेला वारा अडवू शकत नाही. म्हणून १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस कायद्याने दार लावावे लागते. कायद्याला चंद्र दिसत नाही. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याचे दार महिनाभर आधीच उघडले होते. एकसष्ट दिवस पुरेत का, याचा वाद तज्ज्ञ आणि मच्छीमार यांच्यात चालला आहे. तो त्यांनीच सोडवावा. पण वाऱ्याने लावलेले दार आणि आपण लावलेले दार यांत एक फरक आहे. वाऱ्याचे दार सर्वांना सारखे बंद असे. आपले दार प्रत्येकाला वाटते शेजाऱ्याने बंद ठेवावे.

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग आता रुंद व्हायचा आहे. ज्या खाड्या मी तरीने ओलांडल्या त्यांवर पूल बांधायचे ठरले आहे. ते व्हावेत. खाडीपलीकडच्या बाळंतिणीला तरीची वाट पाहत धक्क्यावर भिजत बसावे लागू नये. वाट उघडी असणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या किनाऱ्याने शतकानुशतके वर्षाचा तिसरा हिस्सा स्वतःला मिटून घेतले, त्याने त्या मिटण्यात होड्या राखल्या, मासळी राखली, एक भाषा राखली, लाय पाटलाची गोष्ट राखली. सगळी दारे सदा उघडी राहिल्यावर हे राखणार कोण, याचा विचार पूल बांधणाऱ्यांनी आणि मासळी खाणाऱ्यांनी मिळून करायला हवा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दर्या निवळलेला असेल. शाकारलेल्या होड्यांवरची आवरणे निघाली असतील, हर्णैला संध्याकाळी बोली चालू झाली असेल, आणि फराळाची ताटे रिकामी झाल्यावर घरोघर पुन्हा सुरमई-पापलेटच्या गोष्टी निघतील. बाजारात मासळी घेताना भाव जरूर करावा. पण त्या मावशींना एकदा विचारावे, यंदा आगोट कशी गेली? उत्तर पुस्तकात नसलेले असेल.